अवकाशराव

पाटीवर त्याचं नाव वेगळं आहे. बी विंगची पाटी, तिसरा मजला, वडिलांच्या नावाखाली. पण गेली चार वर्षं सोसायटीत कोणी त्याला त्या नावानं हाक मारलेली नाही. तो अवकाशराव. हे नाव मी ठेवलं असा माझ्यावर आरोप आहे. सेक्रेटरीवर एवीतेवी सगळेच आरोप होतात, त्यात हा एक.

आमची पहिली भेट जिन्यात झाली. म्हणजे पोरगा शेंबडा होता तेव्हापासून पाहिलेला, पण भेट म्हणावी अशी ती पहिली. सकाळी सहाला पंप सुरू करून, दुधाच्या पिशव्या घेऊन मी वर येत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये हा उताणा. डोकं खाली, पाय वर, दोन्ही हात पसरलेले, डोळे टक्क उघडे. माझ्या हातून एक पिशवी सुटली.

"अरे, पडलास का?"

"नाही काका. जिन्याचं वजन घेतोय."

जिन्याचं वजन खालच्या तुळया घेतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो इंजिनियर आहे, मेकॅनिकल का असेना, त्याला कळायला हरकत नव्हती. तो शांतपणे म्हणाला, "काका, रोज आपण या जिन्यावर पाय देतो. त्याला पाठ कधी देतो?"

सकाळी सहाला या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं. फुटलेली पिशवी सावरत मी त्याला ओलांडून वर गेलो. चार पायऱ्या गेल्यावर आठवलं, पोराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते म्हणतात. एकोणतीस वर्षांच्या घोड्याची काय वाढ खुंटायची! पण मन मानेना. परत खाली आलो, उलटा ओलांडला आणि मग कठड्याला चिकटून बाजूनं गेलो. नंतर कळलं की हे सगळं त्यानं 'प्रेक्षकाचा अनपेक्षित सहभाग' म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं. वेळेसकट.

त्याच्याकडे कायम ती वही असते. शिवाय खांद्याला कापडी पिशवी, पायात एका अंगठ्यापुरत्या उरलेल्या चपला आणि डोळ्यांत आत्ताच कोणीतरी झोपेतून उठवल्यासारखा भाव. बोलतो मराठीच, पण ती मराठी माझ्या ओळखीची नाही. खोलीला तो खोली म्हणत नाही, अवकाश म्हणतो. पार्किंग हा अवकाश, लिफ्ट हा बंद अवकाश, गच्ची हा उघडा अवकाश. मीटरची खोली म्हणजे तर 'सामूहिक स्मृतीचा अवकाश'. तिथं चार मीटर, एक मोडकी सायकल आणि मागच्या गणपतीचं मखर आहे. अंगाला तो देह म्हणतो. आमच्याकडे देह ठेवतात, हा देह वापरतो. आणि जे करतो त्याला नाटक म्हणत नाही, नाच म्हणत नाही. त्याला तो म्हणतो 'काम'.

या एका शब्दानं त्याच्या आईचा फार घात केला. तिनं हौसेनं शेजारी सांगितलं, "उद्या त्याचं काम आहे हो, सकाळी नऊला." हिंजवडीतली नोकरी त्यानं अकरा महिन्यांत सोडली होती, त्यामुळे ही बातमी तिन्ही विंगांत फिरली. लोक अभिनंदनाला आले. नऊ वाजता काम सुरू झालं. म्हणजे तो लेटरबॉक्सच्या पेटीशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्यांदा ती फसली ती 'रेसिडेन्सी' या शब्दानं. मुलाला गोव्यात रेसिडेन्सी मिळाली म्हटल्यावर आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला जे वाटेल तेच तिला वाटलं. आमच्या रस्त्यावर सहा रेसिडेन्स्या आहेत आणि सगळ्यांना कव्हर्ड पार्किंग आहे. "टू बीएचके का?" असं मीसुद्धा विचारलं. ती निघाली तीन आठवडे समुद्रकाठी राहून एकमेकांच्या सावलीवर पाय न देता चालण्याची कार्यशाळा.

हे खूळ लागलं कसं, याची हकीकत त्यानं मला एकदा पार्किंगमध्ये सांगितली. कॉलेजात असताना पुरुषोत्तम स्पर्धेतल्या एकांकिकेत, भरत नाट्यमंदिराच्या रंगमंचावर, त्याला तीन वाक्यं होती. दुसरं आठवेना. तो नुसता उभा राहिला. किती वेळ कोण जाणे. प्रेक्षकांना वाटलं, केवढा पॉज घेतलाय! टाळी पडली. ती टाळी त्याला बाधली. तेव्हापासून तो त्या पॉजच्या मागे आहे, फक्त आता त्याच्या पुढेमागे वाक्यं नसतात.

त्याला घराण्याचा अभिमान मात्र कोणा गवयासारखा आहे. कानाची पाळी धरत नाही एवढंच. त्याचं घराणं न्यूयॉर्कचं. तिथं जडसन नावाच्या चर्चमध्ये १९६२ साली काही तरुण नर्तक जमले आणि म्हणाले, गिरक्या पुरे, आता चालणं, बसणं, गादी उचलून नेणं हाच नाच. त्यांच्यातल्या स्टीव्ह पॅक्स्टननं १९६७ मध्ये एक नृत्य बसवलं. त्यात माणसं एका बाजूनं येतात, चालत दुसऱ्या बाजूला जातात, मध्येच कोणी थांबतं, कोणी खुर्चीवर बसतं. संपलं. "साधी माणसं, काका! कोणी जाड, कोणी म्हातारं. नुसतं चालणं!" हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, सकाळी बागेत ये, तुला फुकट दाखवतो. लुसिंडा चाइल्ड्‌सनं १९६४ मध्ये प्रेक्षकांना वरच्या खिडकीत बसवलं आणि खाली रस्त्यावर काय चाललंय ते पाहायला लावलं. खिडकीत बसून रस्त्यावर पाहणं ही कला असेल, तर आमच्या ए विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या काकू पद्मश्रीच्या मानकरी आहेत. ट्रिशा ब्राउननं १९७० मध्ये दोराला बांधलेला माणूस इमारतीच्या भिंतीवरून सरळ खाली चालवला. आमच्या सोसायटीला बाहेरून रंग दिला तेव्हा तीन पोरं सतरा दिवस दोराला लटकून तेच करत होती, शिवाय हातात ब्रश. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. चहा मी दिला.

आणि जॉन केज. हा पठ्ठ्या १९५२ मध्ये म्हणे असं संगीत घेऊन आला की वादक पियानोपाशी बसतो, झाकण लावतो, उघडतो आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही सूर वाजवत नाही. ऐकायचं ते आजूबाजूचं. यावर मात्र मी टीका केली नाही. नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेत मला सलग तेहतीस सेकंदसुद्धा शांतता मिळालेली नाही. माणूस मोठा असला पाहिजे.

एका गोष्टीनं मात्र माझी झोप उडवली. तेहचिंग शे नावाचा तैवानचा माणूस. यानं न्यूयॉर्कमध्ये आपल्या खोलीत कामगारांचं हजेरीचं घड्याळ बसवलं आणि एप्रिल १९८० पासून वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला त्यात कार्ड घातलं. वर्षाचे ८,७६० तास. त्यातले १३३ हुकले, कारण बहुतेक वेळा झोप लागली. म्हणजे दीड टक्का. आमच्या कचेरीत त्याचा सत्कार झाला असता. मी सरकारी कचेरीत ३३ वर्षं मस्टरवर सही केली. मला कोणी कलावंत म्हटलं नाही, उलट तीन लेटमार्कला एक रजा कापली. हे अवकाशरावला सांगितलं तर तो माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहू लागला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडे ती मस्टरं आहेत का?"

हे सगळं त्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. गोची वेगळीच आहे. ज्या न्यूयॉर्कबद्दल तो बोलतो, तिथं रस्त्यात माणूस विचित्र उभा राहिला तर लोक त्याला जागा देत असावेत. आपल्याकडे रिकामा उभा राहिलेला माणूस हा सार्वजनिक मालमत्तेत जमा होतो. त्याला कामाला लावण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. लेटरबॉक्सपाशी तो भिंतीकडे तोंड करून 'अनुपस्थितीची उपस्थिती' करत होता, त्या दोन तासांत त्याच्याकडे चार कुरिअर देऊन झाले. "उभाच आहेस ना? मग देशमुखांचं घेऊन ठेव." एकानं वाण्याची पिशवी अडकवली. एका बाईनं तर दीड वर्षाचं मूल दिलं, रिक्षाचे सुट्टे आणेपर्यंत. हातात मूल, काखेत पार्सल, मनगटाला पिशवी आणि तोंड भिंतीकडे. मला वाटलं कंटाळून घरी जाईल. त्यानं मुलाला न हलता अंगाईच्या सुरात हुं हुं केलं, आणि मूल झोपलं. बाई आता दर मंगळवारी विचारतात, आज उभा आहेस का?

मंडईत तो एका रविवारी डोळे मिटून, ओंजळ पुढे करून उभा राहिला. समूह अनोळखी देहाला काय देतो, याचा शोध. समूहानं सतरा रुपये दिले, कोथिंबिरीची अर्धी जुडी दिली, एक सडका टोमॅटो दिला आणि एका म्हातारबांनी "धडधाकट दिसतोस, लाज नाही वाटत?" हेही दिलं. चारी गोष्टी वहीत आहेत. कोथिंबीर आईनं वापरली.

मी त्याला म्हटलं, अरे, तू नवीन काय करतोस? आमच्या लहानपणी पहाटे वासुदेव यायचा मोरपिसांची टोपी घालून, दारात गिरकी घ्यायचा, दान पावलं म्हणायचा. पोतराज भर रस्त्यात अंगावर आसूड ओढायचा. बहुरूपी फौजदार होऊन दुकानात शिरायचा, वॉरंट काढायचा, आणि वाण्याची गाळण उडाली की हसून पैसे मागायचा. तुझी ती 'रोजच्या जागेतली कला' आमच्या दारात चालत येत होती, आणि आम्ही तिला पसाभर धान्य देऊन वाटेला लावत होतो. तो म्हणाला, "ते परंपरेत बसतं, काका. मी कशात बसत नाही." हे खरं आहे. हा पडतो.

ही तुलना आमच्या जिना झाडणाऱ्या मावशींनी माझ्या आधीच केली होती. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्या भोवतीनं झाडलं. दुसऱ्या दिवशी पायरीपुरता हात उचलून ठेवला आणि खालून झाडलं. तिसऱ्या दिवशी बादली टेकवून म्हणाल्या, "आमच्या गावाकडं कडकलक्ष्मीवाला चाबूक मारून घेतो, तेव्हा कुठं बायका पैसा टाकतात. तू नुसता पडून राहतो. उठ, पुसायचंय." टीकाकारांबद्दल त्याची मतं फार कडक आहेत, पण मावशींसमोर तो उठला.

मग कुठूनसं त्याला मिर्ल उकेलेस सापडली. या बाईनं १९७९-८० मध्ये जवळजवळ वर्षभर न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात फिरून साडेआठ हजार कामगारांशी एकेकाशी हात मिळवला आणि प्रत्येकाचे आभार मानले. ती खरी कला, असा साक्षात्कार झालेला अवकाशराव सकाळी सात वाजता जिन्यात हात पुढे करून उभा. मावशींनी त्या हाताकडे पाहिलं आणि त्यात बादलीची कडी दिली. "हात कशाला मिळवतो? ही वर ने." तो बादली घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत गेला. जाताना सांगत होता, याच बाईनं १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्रहालयाच्या पायऱ्या स्वतः पाणी टाकून धुतल्या, गुडघ्यांवर बसून, आणि ते फार मोठं काम मानतात.

"किती पायऱ्या?" मावशींनी विचारलं.

ते त्याच्या वहीत नव्हतं.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तेही नव्हतं.

आता बर्फाचं सांगायलाच हवं. फ्रान्सिस अलीस नावाच्या कलावंतानं १९९७ मध्ये मेक्सिको सिटीच्या रस्त्यांतून बर्फाचा भलाथोरला ठोकळा ढकलत नेला. नऊ तासांहून जास्त वेळ, तो वितळून संपेपर्यंत. शेवटी हाती काही उरलं नाही, आणि तेच दाखवायचं होतं. अवकाशरावनं ठरवलं, आपल्या गेटपासून कर्वे पुतळ्यापर्यंत. एप्रिल महिना. त्यानं कारखान्यातून अर्धी लादी मागवली. ती गोणपाटात गुंडाळून सकाळी दहाला टेम्पोतून गेटशी उतरली. हा पांढऱ्या कपड्यांत. का, तर छायाचित्रात उठाव येतो. बरोबर चार मित्र, तेही पांढऱ्यात, चेहरे गंभीर.

मेक्सिकोचं मला माहीत नाही. पण पुण्यातल्या सहकारी गृहरचना संस्थेच्या दारात सकाळी दहाला बर्फाची लादी उतरते आणि पाच माणसं पांढऱ्या कपड्यांत खाली मान घालून तिच्याभोवती उभी असतात, याचा अर्थ एकच. कोणाचा तरी मुलगा अमेरिकेहून यायचाय, आणि तोपर्यंत 'ठेवायचंय'.

पहिल्यांदा वाण्यानं शटर अर्धं ओढलं. इस्त्रीवाल्यानं रेडिओ बंद केला. ए विंगमधून दोघं कुलूप लावून, टोपी घालून उतरले. हा लादी ढकलतोय, आणि प्रत्येक जण जवळ येऊन हलक्या आवाजात विचारतोय, "कोण?" त्यानं बोलायचं नाही असा त्या कामाचा नियम. तो फक्त पुढे पाहतोय. लोकांना वाटलं, बिचाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग लोकांनी आपापसांत हिशेब केला. मुलगा परदेशी कोणाचा? वय कोणाचं झालंय? दोन्ही उत्तरं सी विंगच्या आप्पांपाशी येऊन थांबली. आप्पा ८८, मुलगा न्यू जर्सीत.

साडेदहाला आप्पांच्या घरी पहिला फोन गेला. तो आप्पांनीच उचलला. पलीकडचे गृहस्थ रडवेल्या आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं हो. कधी झालं?" आप्पांना ऐकू कमी येतं. त्यांना वाटलं, बायकोच्या गुडघ्याचं विचारतायत. म्हणाले, "रात्रीपासूनच चाललं होतं. पण आता शांत आहे." त्या एका वाक्यानं अर्ध्या कोथरूडची खात्री पटली. पावणेअकरापर्यंत दारात अठरा जोड चपला. मला स्वतःला पेपरातल्या मजकुरासाठी फोन आला. मी धावत सी विंगमध्ये गेलो तर आप्पा मधोमध खुर्चीत, समोर पोह्यांची बशी, आणि भोवती अठरा माणसं, आता काय बोलावं या विवंचनेत. आप्पांना उलगडा झाला तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी कागद मागवला आणि कोण कोण आलं ते लिहून घेतलं. कोण आलं नाही ते जास्त बारकाईनं लिहिलं. संध्याकाळी त्यातल्या दोघांना स्वतः फोन केला: "मी गेलो होतो सकाळी. तुम्ही दिसला नाहीत."

लादी पुतळ्यापर्यंत गेलीच नाही. वाटेत गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, काही झालेलं नाही ना, मग एवढा बर्फ उन्हात का घालवता? त्याचा त्या दिवशी बर्फ आला नव्हता. नियम मोडून अवकाशराव बोलला, "दादा, हा वितळवायचाच आहे." गुऱ्हाळवाला म्हणाला, "मग माझ्याकडं वितळवा की." लोकांनी लादी उचलून त्याच्या खोक्यात ठेवली. पाच जणांना रस मिळाला, आलं-लिंबू घालून. अलीसला नऊ तासांनी हाती काही उरलं नव्हतं. आमच्या माणसाच्या हाती पाऊण तासात ग्लास होता. ही हार की जीत, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. त्या पानावर वहीत फक्त रसाचा डाग आहे.

यानंतर मी त्याला सांगितलं, रस्त्यावर काही करायचं तर रीतसर परवानगी काढ. तो चौकीत गेला. हवालदार सज्जन होते. त्यांनी बसवलं, विचारलं, कार्यक्रम कसला? महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यायची असते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. "संहिता आणलीय?"

"संवाद नाहीत."

"गाणी?"

"नाहीत."

"मग करणार काय?"

"चालणार. अगदी हळू. आणि मध्ये मध्ये थांबणार."

हवालदारांनी विचार केला. म्हणाले, "चालायला परवानगी लागत नाही. थांबणार असाल तर अर्ज करा."

हे वाक्य त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, आणि मला वाटतं त्याच्या सगळ्या घराण्यात एवढं नेमकं कोणी बोललेलं नसेल.

एकदा मात्र मी त्याची चेष्टा करता करता थांबलो. विचारलं होतं, की बाबा, थिएटरं आहेत, पंखे आहेत, खुर्च्या आहेत. दादरच्या छबिलदास शाळेत १९७४ पासून आविष्कारनं प्रायोगिक नाटकं केली, तीही निदान छपराखाली. मग तुलाच रस्ता का? त्यानं सफदर हाश्मींचं नाव घेतलं. १ जानेवारी १९८९, साहिबाबाद, कामगार वस्तीत 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी हाश्मी गेले. आणि ४ तारखेला त्यांची मंडळी, त्यांच्या पत्नीसह, त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेलं नाटक पुरं केलं. हे सांगताना त्यानं 'अवकाश' म्हटलं नाही, जागा म्हटलं. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "मी तेवढा धीट नाही, काका. म्हणून जिन्यात पडतो."

मला काही सुचलं नाही. मी पंप बंद करायला गेलो.

धीटपणाचा विषय पुन्हा निघाला तो पार्किंगमधल्या 'चर्चे'त. प्रत्येक कामानंतर तो चर्चा ठेवतो, बिस्किटं असतात. त्या दिवशी तो गेटबाहेर पाणीपुरीच्या गाडीशेजारी तीन तास नुसता उभा राहिला होता आणि 'शहरात रेंगाळण्याच्या हक्का'वर बोलत होता. ए विंगमधली कॉलेजातली मुलगी शेवटच्या खुर्चीवरून म्हणाली, "दादा, तू तीन तास उभा राहिलास, ती कला. मी तिथं दहा मिनिटं उभी राहिले तर आईला तीन फोन जातात. त्यातला एक सेक्रेटरीकाकांचा." तिच्या हातात पुस्तक होतं, 'व्हाय लॉयटर?', मुंबईतल्या तीन बायकांनी मिळून लिहिलेलं, २०११ चं. बायकांनी शहरात विनाकारण उभं राहावं की नाही, यावरच ते सगळं आहे म्हणे. अवकाशराव एकदम उत्साहात, "मग तू हे काम कर! आपण तुझ्यासाठी बसवू!" ती म्हणाली, "मला काम नको. मला उभं राहायचंय." बिस्किटांचा पुडा माझ्यासमोर होता. मी तो पुढे सरकवला, दुसरं काय करणार? फोन मी केला होता, हे खरं होतं.

गेल्या मे महिन्यातली गच्ची ही त्याची सर्वात मोठी कामगिरी. ट्रिशा ब्राउननं १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात छपराछपरांवर नर्तक उभे केले होते. पहिल्यानं हालचाल करायची, दुरून दुसऱ्यानं ती पाहून जशीच्या तशी करायची, तिसऱ्यानं दुसऱ्याची, अशी ती लाट लांबवर जायची. इथं तीन विंग आणि शेजारच्या दोन इमारती. दहा-बारा पोरंपोरी, सगळी लाल कपड्यांत. रविवार, सकाळी साडेअकरा. ए विंगवरच्या मुलीनं हात पाण्यासारखा वर नेला, सोडला. बी विंगनं घेतला. खरं सांगतो, सुंदर दिसत होतं. मी टाकी पाहायच्या निमित्तानं वर गेलो तो तिथंच थांबलो.

सी विंगच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. आप्पांच्या सौभाग्यवती, गुडघ्याला पट्टा, हातात काठी, कावळे हाकत बसलेल्या. लाल कपड्यातला मुलगा नेमका पाण्याच्या टाकीमागे उभा. पलीकडच्या इमारतीवरच्या पोराला तो दिसेना, आजी दिसल्या. आजींनी काठी उगारून हुश्श केलं. पोरानं तेच केलं, मनापासून. त्याचं पाहून पुढच्यानं. लाट शेवटच्या इमारतीपर्यंत गेली आणि ठरल्याप्रमाणे उलट फिरली. पाच मिनिटांत पाचही गच्च्यांवर लाल कपड्यातली माणसं एका लयीत कावळे हाकत होती. शेवटी ती हालचाल जिनं सुरुवात केली त्या ए विंगच्या मुलीपाशी पोचली. तिनं क्षणभर अवकाशरावकडे पाहिलं आणि हुश्श केलं.

त्या दुपारी आसपास एक कावळा बसला नाही. समोरच्या बंगल्यात वर्षश्राद्ध होतं. ते पान वाढून सव्वा तास आभाळाकडे बघत उभे होते. तक्रार माझ्याकडेच आली. पितर आमच्या हद्दीत येत नाहीत, असं मी लेखी कळवलं.

आजींना कोणीतरी सांगितलं की आज सगळ्यांनी तुमचा नाच केला. त्या म्हणाल्या, "मग कुरडया तळल्यावर सगळ्यांना बोलवा."

गच्चीवरच्या या कामाच्या चित्रफितीवर त्याला जर्मनीचं बोलावणं आलं. वुपर्टाल. पिना बाउशचं गाव. १९७३ पासून त्या बाईंनी तिथं नाचाचा नकाशा बदलला, २००९ मध्ये गेल्या. त्यांच्यावर विम वेंडर्सनं २०११ मध्ये काढलेल्या सिनेमात नर्तक रस्त्यांवर आणि रेल्वेच्या डब्यात नाचतात. ती रेल्वेही रुळांवरून जात नाही, रुळाखाली लटकते, १९०१ पासून. शिवाय डोंगरउतारावरचं गाव असल्यामुळे तिथं जागोजागी सार्वजनिक जिने. "काका, जिनेच जिने!" म्हणाला. सहा आठवड्यांची रेसिडेन्सी. या वेळी आईनं कोणाला काही सांगितलं नाही. लाडू मात्र केले.

तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला त्याचा फोन आला. मला वाटलं पैसे हवेत.

"काका, आज इथल्या मोठ्या जिन्यावर काम केलं. आपल्या जिन्यातलंच. डोकं खाली."

"मग? झालं का नीट?"

"साडेतीन तास पडून होतो. माणसं येत-जात होती. सगळी व्यवस्थित बाजूनं गेली. एकानं सायकल उचलून नेली, पण चाक लागू दिलं नाही." मग बराच वेळ काही नाही. त्याचा पॉज मला आता ओळखता येतो. हा तो नव्हता. "काका, एकानंही विचारलं नाही, पडलास का म्हणून."

"पिशवीबिशवी कोणी दिली नाही?"

"नाही."

"मग उठलास कसा?"

"भूक लागली."

मी त्याला लाडू संपले का विचारलं, थंडीत डोक्याला काही बांध म्हटलं, आणि फोन ठेवला.

सकाळी पंप सुरू करून येताना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये मावशी भेटल्या. पोरगं कसं आहे, त्यांनी विचारलं. मी रात्रीचं सगळं सांगितलं. तिथले जिने केवढे मोठे, माणसं कशी बाजूनं जातात, साडेतीन तास कोणी उठवलंच नाही. त्या फडकं पिळता पिळता ऐकत होत्या.

"कोणीच उठवलं नाही?"

"कोणीच नाही."

"मग तिथं जिना पुसतं कोण?"